पहिल्या शिट्टीपासून चौथ्या शिट्टीपर्यंत

सूर्य दिवसा असतो, ही गोष्ट बाबांच्या लक्षात वेधशाळा बांधून झाल्यावर आली. तोपर्यंत कळंबोलीच्या लोखंड बाजारातून आणलेले अँगल आमच्या गच्चीत उभे राहिले होते, त्यांच्यावर पत्र्याची खोली चढली होती, खोलीचं छप्पर चाकांवरून मागे सरकायला लागलं होतं (सरकताना ते असं किंचाळे की तीन गल्ल्यांपलीकडच्या बायका घड्याळ बघत), आणि दारावर बाबांनी स्वतःच्या हाताने 'वेधशाळा' अशी पाटी रंगवली होती. बाबा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कंपनीत हेड ड्राफ्ट्समन होते. सकाळी सव्वासातला कंपनीची बस त्यांना कोपऱ्यावरून उचलून नेई आणि संध्याकाळी साडेसहाला परत आणून टाकी. मधल्या वेळात सूर्य उगवून, तापून, आमच्या गच्चीवरून आरामात पलीकडे निघून गेलेला असे. चंद्राने, गुरूने, शनीने बाबांची सोय पाहिली असती, पण त्यांच्यामागे सगळं जग लागलंय असं बाबांचं म्हणणं होतं. सूर्यावरचे डाग रोज मोजणारी माणसं आपल्या देशात बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि त्यातलं एक बोट नवीन पनवेलचं असावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

परदेशातल्या एका केंद्राला दर महिन्याला हे डागांचे आकडे पाठवायचे असत. महिन्याचे निदान वीस दिवस तरी नोंद हवी, असा त्यांचा नियम होता. बाबांकडे रविवार होते चार. त्यांनी आधी पहाटेचा प्रयोग करून पाहिला. पण पहाटेचा सूर्य प्रबळगडाच्या मागून वर येतो तोच मुळी दुधावरच्या सायीसारखा थरथरत, आणि तो जरा स्थिर होतोय तोवर कोपऱ्यावर बसचा हॉर्न. मग त्यांनी मला कामाला लावलं. मी तेव्हा पनवेलच्याच कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, सकाळची प्रॅक्टिकल्स होती, आणि खरं सांगायचं तर त्या वयात मला सूर्यापेक्षा जवळच्या बऱ्याच गोष्टींत रस होता. चार दिवसांत मी पाच चुका केल्या आणि सुटले. उरली आई.

आईचं माहेर पेणचं. मॅट्रिक झालेली, गणितात बरी, पापड लाटण्यात अफाट. गच्ची तिने पापडांसाठी आणि मिरच्यांसाठी मनातल्या मनात राखून ठेवली होती आणि तिथल्या सगळ्यात चांगल्या उन्हावर बाबांनी पत्र्याची खोली बसवली होती, हा तिचा राग मला माहीत होता. तरीही ती तयार झाली. बाबांनी तिला एका रविवारी दुर्बिणीपाशी उभं करून तासभर व्याख्यान दिलं. दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही, कधीही बघायचं नाही, डोळा जाईल. दुर्बिणीच्या मागे पांढरा पुठ्ठा लावायचा, त्यावर सूर्याचं बिंब पडतं, पुठ्ठ्यावर कागद लावायचा आणि डाग दिसतील तिथे पेन्सिलीने ते उतरवून घ्यायचे. पेन्सिल टू-एच, टोक सुईसारखं, हात हलका. आई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, म्हणजे बघायचं नाही, नुसतं काढायचं. बाबांना हा विनोद आहे की शंका ते कळलं नाही.

मोजण्याचा हिशेबही बाबांनी तिला शिकवला. डागांच्या प्रत्येक गटाचे दहा धरायचे आणि प्रत्येक डागाचा एक. म्हणजे सूर्यावर सबंध दिवसात एकच ठिपका असला तरी त्याचे अकरा. आईने विचारलं, अशाने सूर्य कधी नापास होत असेल का. तरी तिला ते जमलं, आणि नुसतं जमलं नाही, तिला त्याची सवय लागली. दहाच्या सुमारास कुकर लावायचा, हात पुसायचा, वर जायचं, छप्पर किंचाळवायचं, खिळ्यावर टांगलेलं घड्याळ बघून वेळ लिहायची (ते घड्याळ रोज सकाळी रेडिओवर लावून ठेवायचं, हा बाबांचा दंडक), आणि खालच्या कुकरच्या शिट्ट्यांकडे एक कान ठेवून डाग उतरवायचे. मोठ्या डागाच्या मधला काळा भाग म्हणजे तिच्या लेखी 'बी', भोवतालचा करडा भाग म्हणजे 'साल'. एकामागून एक डाग ओळीने आले की 'वरात'. हात मात्र हलका झाला नाही. पापड लाटणारा हात तो. पेन्सिल असा दाबून चालवे की कागदाला मागून फुगवटा येई.

तिला भेटायला अधूनमधून वर येणारी एकच बाई होती. मोरा बंदरावरून मासळीची टोपली घेऊन येणारी यमुनाक्का. आईने तिला एकदा पुठ्ठ्यावरचं बिंब दाखवलं. यमुनाक्काने बराच वेळ पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "सूर्याला बी देवी येतान काय गो बाय? आमी जलमभर उन्हान बसतो, आमाला कवा दिसलं नाय." मग तिने पापलेटाचा भाव सांगितला. माझ्या मते आमच्या वेधशाळेला भेट दिलेल्या मान्यवरांपैकी सगळ्यात शहाणी तीच.

रविवार बाबांचा. रविवारी ते सूर्याचे फोटो काढत. त्यांच्याकडे जुना घेतलेला कॅमेरा होता. तो दुर्बिणीला जोडायचा, पुढे काळी काच लावायची आणि श्वास रोखून बटण दाबायचं. आम्हीही श्वास रोखायचा. रोल धुवायला बाथरूम लागे, तिथे लाल बल्ब लागे, आणि म्हणून रविवारी दुपारी दोनपर्यंत आमच्या घरात कुणी आंघोळ करत नसे. नंतर दोरीवर चिमट्यांनी सूर्य वाळत टांगले जात. बहुतेक सूर्य करपलेल्या भाकरीसारखे दिसत आणि दोन-तीनच बरे येत. कॅमेरा मग पुढच्या रविवारपर्यंत लोखंडी कपाटात कुलपात जाई. किल्ली बाबांच्या जुडग्यात आणि जुडगा बाबांबरोबर कंपनीत.

शनिवारी संध्याकाळी मी आठवड्याचे कागद परदेशी केंद्राला पाठवायला ट्रेसिंगवर उतरवून काढायचे आणि खाली 'निरीक्षक' म्हणून बाबांचं नाव घालायचे. आठवड्यातले सहा सूर्य आईचे, एक बाबांचा, आणि नाव सगळ्यांवर बाबांचं. याचं मला काहीही वाटत नसे. विजेच्या बिलावरही त्यांचंच नाव होतं.

त्या वर्षी सूर्य अंगावर पुरळ उठल्यासारखा वागत होता. एकदा आठवड्याच्या सुरुवातीला पूर्वेच्या कडेवरून एवढा मोठा गट वर आला की बाबांनी त्या रविवारी सबंध रोल संपवला. मंगळवारी हा गट बिंबाच्या मधोमध आला. त्या दिवशी आई नेहमीसारखी वर गेली. दोन मोठ्या बियांच्या मधली साल ती काढत होती, तोच खाली पहिली शिट्टी झाली आणि कागदावर, त्या दोन बियांच्या मधे, दोन पांढरे दाणे उमटले. सूर्याच्या उजेडाहून पांढरे. तिला आधी वाटलं पत्र्याला भोक पडलंय आणि तिथून कवडसा आलाय. तिने वर हात धरून पाहिला. दाणे तसेच. मग तिने दुर्बीण किंचित ढकलली. बिंब सरकलं आणि बिंबाबरोबर दाणेही सरकले. म्हणजे ते पत्र्यावरचे नव्हते, सूर्यावरचे होते. ही तपासणी तिला कुणी शिकवलेली नव्हती. दुसरी शिट्टी झाली, तिसरी झाली. खाली जाऊन गॅस बारीक करायला हवा होता, पण ती हलली नाही. चौथ्या शिट्टीच्या सुमारास दाणे मावळले. तिने कागदावर दोन दाणे जसे दिसले तसे काढले आणि बाजूला लिहिलं: "दोन पांढरे दाणे. हलवून पाहिले. पहिल्या शिट्टीला आले, चौथीला गेले. १०.२२."

संध्याकाळी बाबांनी भाताला करपट वास येतोय अशी तक्रार केली. आईने कारण सांगितलं. बाबांनी वर जाऊन कागद पाहिला आणि खाली येऊन पुस्तक काढलं. सूर्यावर असा भडका, म्हणजे अचानक उठलेला स्फोट, खास यंत्राशिवाय साध्या उजेडात डोळ्यांना दिसणं फार दुर्मीळ, असं पुस्तकात होतं. मोठमोठ्यांच्या आयुष्यात एखाद्या वेळी. बाबांनी आईला समजुतीच्या सुरात सांगितलं की उन्हातून आलं की डोळ्यांपुढे असे ठिपके येतात. आई म्हणाली, बरं. भांडी घासायची होती.

शनिवारी मी ट्रेसिंगला बसले तेव्हा बाबा मागे उभे होते. ते दाणे घेऊ नकोस, म्हणाले, ती माणसं हसतील आपल्याला. मी घेतले नाहीत. मग ते म्हणाले, मूळ कागदावरूनही काढ. मूळ ड्रॉइंग आणि ट्रेसिंग यांच्यात फरक राहिला तर ते काम नव्हे. मी रबर घेतलं आणि आईचे दोन दाणे आणि तिची ओळ खोडली. नीट निघेना, म्हणून जोर लावून खोडली. त्याच रात्री मी मैत्रिणीबरोबर सिनेमाला गेले आणि ही गोष्ट विसरले. पुढे तीसेक वर्षं मी मुलांना फिजिक्स शिकवलं. पुस्तकाशी न जुळणारं रीडिंग खोडून जुळणारं लिहिणारी मुलं दर वर्षी भेटायची. मी त्यांच्यावर फार चिडायचे. इतर शिक्षकांना वाटायचं, बाई तत्त्वाच्या आहेत.

दोन-अडीच महिन्यांनी बाबांना पत्र आलं. दक्षिणेतल्या एका मोठ्या वेधशाळेतले एक शास्त्रज्ञ मुंबईला येणार होते आणि त्यांना आमच्या नोंदी पाहायच्या होत्या. बाबांनी पाटी पुन्हा रंगवली. छपराच्या चाकांना ग्रीस लावलं. हॉलमध्ये दोरीवरचे चांगले चार सूर्य फ्रेम करून टांगले. रविवारी सकाळी रिक्षातून उतरलेला माणूस मूळचा सोलापूरचा निघाला, बुटांवर धूळ, पिशवीत चटणीचा डबा. सगळे त्यांना डॉक्टर म्हणत होते हे ऐकून शेजारच्या काकू गुडघा दाखवायला आल्या. डॉक्टरांनी तो पाहिलाही.

बाबांनी त्यांना दुर्बीण दाखवली, फोटो दाखवले, ट्रेसिंगमधल्या रेषांची जाडी दाखवली. डॉक्टर सगळं नीट बघत होते, पण त्यांचं काम वेगळं होतं. ते म्हणाले, त्या अमुक मंगळवारी सकाळी सूर्यावर मोठा भडका झाला होता. यंत्रांवर त्याची नोंद होती, रेडिओचे संदेशही तेव्हा बिघडले होते. पण साध्या उजेडात तो दिसला का, हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या वेळी सूर्य होता आपल्या बाजूच्या जगावर, आणि जिथे जिथे माणसं बघत होती तिथे नेमके ढग. परदेशी केंद्राकडे पोचलेल्या नोंदींत फक्त पनवेलच्या कागदावर दहाच्या पुढची वेळ होती.

"तुम्ही त्या वेळी बघत होतात," ते बाबांना म्हणाले. "काही उजळ दिसलं होतं का?"

"नाही," बाबा म्हणाले. "विशेष काही नव्हतं."

आई नेमकी पोह्याचे पापड आणि थालीपीठ घेऊन बाहेर आली होती. ताटली टेबलावर ठेवत ती म्हणाली, "होतं की. मी लिहिलंय त्याच्यावर."

डॉक्टरांनी फाइल मागितली. मी आणून दिली. त्यांनी तो कागद काढला, पाहिला, आईकडे पाहिलं. मग कागद खिडकीच्या उजेडाला तिरका धरला. पापड लाटणाऱ्या हाताने काढलेल्या रेषा खोडरबराने जात नाहीत, नुसतं शिसं जातं. दोन दाण्यांच्या खाचा दिसत होत्या. ओळसुद्धा बोटाला लागत होती. आई वाकून बघत होती. तोवर तिला वाटत होतं की तिचे दाणे परदेशात पोचले आहेत.

मी म्हटलं, "मी खोडलं."

पंखा फिरत होता. बाबांनी चष्मा काढला, धोतरालाच पुसल्यासारखा पॅंटला पुसला आणि पुन्हा लावला. "मी सांगितलं म्हणून तिने खोडलं," ते म्हणाले. "आणि मंगळवारी मी कंपनीत होतो. रोजच असतो."

माझ्या बाबांची मी या पानांत बरीच टिंगल केली आहे आणि पुढेही करणार आहे. म्हणून हे एक वाक्य इथे जसंच्या तसं लिहून ठेवते.

डॉक्टरांनी खुर्ची उचलली आणि आईच्या समोर नेऊन ठेवली. काय दिसलं ते सगळं सांगा, म्हणाले. आईने सांगितलं, हात धरून पाहिला तेही, दुर्बीण ढकलली तेही. फोटो आहे का, असं त्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "कॅमेरा कपाटात असतो. किल्ली ह्यांच्या खिशात. खिसा कंपनीत." डॉक्टरांनी तिला कोरा कागद देऊन दाणे आठवणीतून काढायला लावले. तिने काढले. त्यांनी तो कागद जुन्या कागदावर ठेवून पाहिला. नखाएवढाही फरक नव्हता. मग ते ओळीवर बोट ठेवून थांबले आणि त्यांनी विचारलं, पहिली शिट्टी म्हणजे कसली?

पुढचे दोन तास आमच्या स्वयंपाकघरात जे झालं ते विज्ञानाच्या इतिहासात कुठे नोंदलेलं असेल असं वाटत नाही. आईने त्या मंगळवारी होतं तेवढंच वरण आणि तेवढाच भात कुकरला लावला, गॅस तसाच मोठा ठेवला, आणि दक्षिणेतल्या मोठ्या वेधशाळेतले डॉक्टर स्टुलावर बसून हातातल्या घड्याळावर शिट्ट्या टिपू लागले. पहिलीपासून चौथीपर्यंत सहा मिनिटांना थोडी कमी. आईला वाटलं झालं. डॉक्टर म्हणाले, तीनदा तरी करायला हवं, सरासरी काढावी लागते. तीन कुकर झाले. बाबा वाटाण्याच्या शेंगा सोलायच्या खुर्चीत बसून आकडे लिहून घेत होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. यंत्रांवरचा भडका आणि आईचा भडका जुळले. वरण-भात आम्ही दोन दिवस खाल्ला, काकूंकडे दिला, तरी उरला. पुढे डॉक्टरांचा लेख छापून आला, त्यात या प्रकाराला 'घरगुती साधनाने मोजलेला कालावधी' असं म्हटलेलं आहे. आईला ते आवडलं नाही. कुकर म्हणायला काय झालं, असं तिचं मत आजही आहे.

डॉक्टर गेले आणि आईने गच्चीवर जाणं बंद केलं. रागावली नाही, बोलली नाही, नुसती गेली नाही. सकाळी दहा वाजता कुकर लागे, शिट्ट्या होत, छप्पर गप्प. बाबांनी तीन दिवस रजा टाकली. त्यांचं वर्तुळ देखणं, रेषा देखण्या, पण बिंब एका जागी थांबत नाही आणि ते एकेक रेष घोटण्यात एवढा वेळ लावत की तोवर डाग पुढे सरकलेले असत. तीन दिवसांचे तीन सूर्य एकमेकांशी जुळेनात. तिसऱ्या दिवशी यमुनाक्का खालून ओरडून विचारून गेली की बाय आजारी हाय का.

मी धीर करून एका दुपारी आईजवळ जाऊन बसले. ती पापडाच्या लाट्या करत होती. लाटता लाटता तिने विचारलं, "तुला ते खोटं वाटलं होतं, की बाबा म्हणाले म्हणून खोडलंस?"

मी विचार केला आणि मला जो गुन्हा लहान वाटला तो कबूल केला. "बाबा म्हणाले म्हणून."

"मग ते जास्त वाईट," ती म्हणाली, आणि पुढची लाटी घेतली.

दहाव्या दिवशी सकाळी छपराची किंचाळी ऐकू आली. ग्रीस लावूनही ते पूर्वीइतकंच किंचाळत होतं. कुणीही तिची मनधरणी केली नव्हती. मी नंतर विचारलं तर म्हणाली, बघितल्याशिवाय चैन पडेना, एवढंच.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी पाठवलेला फॉर्म आला. त्या मंगळवारची दुरुस्त नोंद त्यात भरून पाठवायची होती. रविवारी फोटोचं काही न काढता बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले. कॅमेरा बाहेर, टेबलावरच पडला होता. बाबांनी ड्रॉइंगचं पेन काढलं आणि त्यांच्या त्या छापील वाटणाऱ्या इंग्रजी अक्षरांत एकेक रकाना भरत गेले. गाव, दुर्बीण, भिंगाचा व्यास, वेळ, कालावधी. 'निरीक्षक' या रकान्यापाशी पेन थांबलं. आई समोर मेथी निवडत होती.

"सुशीला," त्यांनी विचारलं, "स्पेलिंग काय करतेस तू? आय की डबल ई?"

"मला काय माहीत," आई म्हणाली. "कधी लागलंच नाही."

बाबा पेन तसंच धरून थांबले. शाई टोकाशी जमा व्हायला लागली होती, आणि शाईचा डाग पडण्याची त्यांना आयुष्यभर भीती, पण त्यांनी हात हलवला नाही. आईने हातातली काडी मोडली, पानं परातीत टाकली आणि विचार करून म्हणाली, "डबल ई घाला. जरा मोठं दिसू दे."